चांगुणाचं पथ्य

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भंडारदऱ्याच्या धरणामागच्या डोंगरात उंबरदरा नावाची वाडी होती. चांगुणा भिमाजीची बायको म्हणून तिथे आली तेव्हा दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. पण ती बातमी वाडीला मागाहून कळली. त्याआधी वाडीला कळलं ते हे, की नव्या नवरीचे डोळे पिवळे आहेत.

डोळे लहानपणापासूनच पिवळे होते. शिवाय हातपाय काटकुळे, आणि थंडीत भिजली किंवा उन्हात फार राबली की हाडांत कळा उठत. आधी पिंढऱ्यांत, मग मांड्यांत, मग पाठीत. कळ उठली की ती गुडघे पोटाशी घेऊन निजून राही आणि कोणी हात लावला तरी ओरडे. तिची आई रंगुबाई प्रेमळ बाई होती. लेकीला कावीळ झाली असं समजून तिने विळ्याचं टोक चुलीत लाल केलं आणि पोरीच्या पोटावर डाग दिले. डाग राहिले, पिवळेपणाही राहिला.

पुढे पुष्कळ वर्षांनी शहाण्या माणसांकडून इकडे कळलं की या दुखण्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि म्हणून कळा येतात. दुखणं आईबापांच्या रक्तातून येतं. त्याला आता सिकलसेल म्हणतात. रंगुबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी उपाय तिने विळ्यानेच केला होता.

आमच्या डांगाणात, म्हणजे या डोंगरपट्ट्यात, तेव्हा या दुखण्याला हाडमोडी म्हणत. हाडमोडीची एक खोड होती. आली की काही दिवस माणसाला पिळून काढी, आणि मग बऱ्याचदा आपली आपणच निघून जाई. ही खोड ध्यानात ठेवावी. जे दुखणं आपलं आपण जातं, त्याच्यावर जगात औषधांना कधी तोटा पडत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात भाताची आवणी सुरू झाली. खाचरात गुडघाभर चिखल, वरून डोक्यावर इरलं घेतलेलं असलं तरी पाठ भिजलेली, आणि सकाळपासून कमरेत वाकून रोपं लावायची. चांगुणा एक दिवस टिकली, दुसऱ्या दिवशी आडवी झाली. तिची सासू लंकाबाई हिने आपल्या आयुष्यात आवणीचा एक दिवस चुकवलेला नव्हता. भिमाजीला जन्म दिला तोही आवणी आटोपून, असं ती स्वतःच सांगे. सुनेकडे बघून ती म्हणाली, “आवनी आली की पाय दुखत्यात आन् भाकर झाली की बरं वाटतंय. असलं दुखनं मी लई बघितलंय.”

पण भाकरी झाली तरी चांगुणाला बरं वाटलं नाही. डोळे हळकुंडासारखे झाले. तेव्हा लंकाबाईने भिमाजीला छगन भगताकडे पाठवलं.

छगन भगत हा वाडीतला जाणता माणूस. झाडपाला त्याला ठाऊक होता तितका वाडीतल्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक होता. फरक एवढाच, की म्हाताऱ्या झाडाचं नाव सांगत आणि छगन सांगत नसे. निरगुडी प्रत्येकाच्या बांधावर होती. छगनची निरगुडी मात्र तो अवसेला उठून, कोणाशी न बोलता, डाव्या हाताने तोडून आणी, त्यामुळे ती निरगुडी राहत नसे, औषध होई. त्याने चांगुणाला गुळवेलीचा काढा दिला, निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून सांध्यांना शेक सांगितला, शेवग्याचा पाला कालवणात घालायला सांगितला. औषधाच्या मागून पथ्य आलं. दही बंद, आंबट बंद, पांढऱ्या कोंबडीचं नाव काढायचं नाही, वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही, आणि अंगाला घाम येईतो चुलीपासून हलायचं नाही.

चांगुणा चुलीपाशी पडून राहिली. काही दिवसांनी कळा थांबल्या. छगन बांधावरून जाताना वळून वळून बघू लागला, कोण आपल्याकडे बघतंय का ते.

पुढच्या हिवाळ्यात दुखणं परत आलं तेव्हा छगन त्र्यंबक गावाकडे सोयऱ्यांच्या लग्नाला गेला होता. राजूरच्या बाजाराला मिशनचा एक फिरता दवाखाना येई. त्याच्याबरोबर डेव्हिड नावाचा कंपाउंडर असे. नगरचा, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती, स्वच्छ कपड्यांचा आणि मनाने चांगला. डॉक्टर होण्याची सगळी लक्षणं त्याच्यात होती, राहिली होती ती परीक्षा. लोक त्याला डागदरसाहेब म्हणत आणि तो त्यांची चूक दुरुस्त करीत नसे. भिमाजीने विनवलं म्हणून तो खिंड चढून उंबरदऱ्याला आला, यावरून त्याचं मन कळतं. त्याने काय निदान केलं, यावरून त्याची पेटी कळते. पेटीत जे वर असे तेच दुखणं रोग्याला होई. त्या साली वर क्विनीन होतं. तेही युद्धामुळे महागलेलं, म्हणून बरंच पाणी घातलेलं. चांगुणाला हिवताप झाल्याचं ठरलं.

जाता जाता त्याने लंकाबाईला बजावलं की हा झाडपाला आणि ही पथ्यं अडाणीपणाची आहेत. बाईने काहीही खावं, काहीही प्यावं, आणि जरा बरं वाटलं की कामाला लागावं. लंकाबाईला त्याचं बाकीचं बोलणं फारसं कळलं नाही, शेवटचं चटकन कळलं. चांगुणाला जरा बरं वाटलं, आणि लंकाबाईने तिला भल्या सकाळी झऱ्यावर पाठवलं. गवतावर दव गोठलं होतं. चांगुणा दोन हंडे घेऊन आली आणि दारातच बसली. या खेपेचं दुखणं पहिल्याहून भारी होतं.

डेव्हिड म्हणाला की औषध नीट घेतलं नसणार. छगन परत आला तो म्हणाला की साहेबाचं औषध आणि आपलं औषध पोटात एकमेकांशी भांडलं. दोघांनीही चांगुणाला काही विचारलं नाही. विचारून तरी ती काय सांगणार होती? ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या मनात एक विचार हळूहळू जमत होता, विरजण लागावं तसा.

लंकाबाई सुनेच्या दुखण्याला भीत नव्हती, सुनेच्या रडण्याला भीत नव्हती, आणि देवालाही बेतानेच भीत होती. ती भीत होती ती औषध उलटण्याला. पथ्य मोडलं की औषध उलटतं आणि सगळ्या घराला बाधतं, हे तिने आपल्या सासूकडून ऐकलेलं होतं. म्हणून जोवर पथ्य होतं तोवर चांगुणाला कोणी चुलीपासून उठवलं नाही. बाटलीच्या औषधाला पथ्य नव्हतं, म्हणून बाटलीमागे विसावा नव्हता. पाला कुठला, मुळी कुठली, यात चांगुणाला काही गम्य नव्हतं. दही खाऊन तिचं कधी बिघडलंही नव्हतं. मात्र ऊब, पाणी आणि पडून राहणं मिळालं की कळ लवकर सोडते, आणि हे तिन्ही पथ्याशिवाय घरात मिळत नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं.

बरी झाल्यावर ती एक दिवस गोवऱ्या न्यायच्या निमित्ताने छगनच्या दारी गेली. छगन पडवीत मुळ्या कुटत बसला होता. चांगुणा खाली बघत बोलली, “भगतबाबा, तुमच्या पाल्यानं गुन आला. पन मागल्या टायमाला तुमी कोमट पान्याचं सांगितलं हुतं, ते आत्याबाई इसरल्या. दर घडीला कोमट पानी नाहीतर पेज प्यायची म्हनला हुता तुमी.”

छगनने असलं काही सांगितलेलं नव्हतं. तो कुटायचा थांबला. आपण सांगितलं नव्हतं हे कबूल करणं म्हणजे आपल्याला ठाऊक नव्हतं हे कबूल करणं. तो म्हणाला, “सांगितलं म्हंजी? ते तर मुख्य हाय.”

“आन् आवनीत गार चिखलात जायचं न्हाई. गार पान्याचा हंडा उचलायचा न्हाई.”

“न्हाईच उचलायचा.”

“तुमीच एकदा आत्याबाईंच्या कानावर घाला. माझ्या तोंडून बरं न्हाई दिसत.”

छगनने त्याच दिवशी येऊन कानावर घातलं. घालताना आपल्या मनाने आणखी दोन गोष्टींचं पथ्य वाढवलं, कारण दुसऱ्याने सुचवलेलं तसंच्या तसं सांगण्यात त्याला कमीपणा वाटला. त्यामुळे चांगुणाला पुढे कित्येक वर्षं मंगळवारी केस विंचरता आले नाहीत. तेवढं तिने सोसलं.

आता पाणी कोण भरणार असा प्रश्न आला. लंकाबाईचे गुडघे थकले होते, दुसरी बाई घरात नव्हती. भिमाजीने हंडा उचलला. बाप्याने डोक्यावर हंडा घेतलेला उंबरदऱ्याने कधी पाहिला नव्हता. झऱ्यावरच्या बायका पदर तोंडात कोंबून हसल्या, बाप्ये उघड हसले. भिमाजी मुळात अबोल, भांडण टाळणारा. बायकोच्या कळा बघून तो गोठ्यात जाऊन डोळे पुसून येई, पण तिच्यासाठी हंडा उचलायचं मनात येऊनही त्याला कधी धैर्य झालं नव्हतं. आता त्याला सबब मिळाली. कोणी हसलं की तो सांगे, “भगताचं पथ्य हाय. मोडलं तर उलटतं.” लोक गप्प बसत. बायकोच्या मायेने केलं म्हणाला असता तर त्याला वाडीत राहणं कठीण झालं असतं.

त्यानंतरची काही वर्षं चांगुणाला बरी गेली. दुखणं यायचं, पण लवकर सोडायचं. आवणीत ती घरी बसून सगळ्यांच्या भाकऱ्या भाजी, रोपांच्या मुठी बांधून देई, कोमट पाणी आणि पेज पीत राही. चेहऱ्यावर थोडं मांस आलं. एक मुलगी झाली, तीही धड. आणि या सगळ्याचं श्रेय निरगुडीने घेतलं, म्हणजे छगनने घेतलं. घाटाखालून लोक येऊ लागले. कोणाला दमा, कोणाला मूळव्याध, कोणाचा बैल लंगडा. छगन सगळ्यांना उंबरदऱ्याच्या त्या बाईचं उदाहरण देई.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते शेजारच्या छबूबाईमुळे.

छबूबाई ही समोरच्या घरची सून. अंगाने रेड्यासारखी धडधाकट, भाताचं पोतं एकटीने उचलणारी. एका पावसाळ्यात आवणीच्या आदल्या दिवशी तिचे गुडघे धरले. तिने सासूला सांगितलं की चांगुणासारखंच होतंय. छगनला बोलावलं. छगनने बघितलं, आणि नाही म्हणणं त्याला जड गेलं, कारण हाडमोडी ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही असं तो सगळीकडे सांगत होता. त्याने निरगुडीचा शेक सांगितला, आणि पथ्यही तेच सांगितलं. छबूबाई चुलीपाशी बसली, तिच्या नवऱ्याने हंडा उचलला.

पुढल्या पावसाळ्यापर्यंत हाडमोडी वाडीभर पसरली. अशी साथ वैद्यकाच्या इतिहासात दुसरी नसेल. ती फक्त सुनांना होई, लेकींना होत नसे. आवणीच्या तोंडावर येई आणि शेवटची मूठ लावून झाली की ओसरे. तिच्यात भूक कमी होत नसे. खाचरात सासवा आणि बाप्ये वाकलेले, आणि घराघरात सुना कोमट पेज पीत बसलेल्या. सासवा जळफळल्या. पण छगनला खोटा म्हणावं, तर आपल्या पोटदुखीला आणि नातवाच्या दृष्टीला उद्या कोण? आणि पथ्य मोडावं, तर औषध उलटणार.

अशा वेळी नगरहून काकासाहेब आले. स्वातंत्र्य मिळून वर्ष व्हायचं होतं. काकासाहेब आधी कापडाचा धंदा करीत, तोवर त्यांना खादी जाड वाटे. गेल्या ऑगस्टपासून ती अंगाला बसू लागली होती. सह्याद्रीतल्या वनौषधी शोधून देशाचं नाव करावं म्हणून त्यांनी एक संशोधक मंडळ काढलं होतं. मंडळात ते स्वतः होते, आणि त्यांचा पुतण्या शाळेला सुट्टी असली की असे. भंडारदऱ्याच्या बंगल्यावर उतरून, डोंगर चढून, छत्री वाऱ्याने उलटी करून घेत ते उंबरदऱ्याला पोचले. पाश्चात्त्य वैद्यकाचा प्रतिनिधी म्हणून त्यांनी राजूरहून डेव्हिडलाही आणलं होतं. सगळे एका खळ्यालगतच्या मांडवाखाली बसले. चांगुणाला बायकांच्या पुढे बसवलं होतं, सगळ्यांना दिसेल अशी.

काकासाहेबांनी छगनला विचारलं की मूळ वनस्पती कोणती. छगनने बांधाकडे बघायचं टाळलं. ज्या बांधावर काकासाहेब मघाशी घसरले होते त्याच बांधावर निरगुडी होती. तो म्हणाला की कड्यावरची एक मुळी आहे, नाव घेतलं की तिचा गुण जातो. काकासाहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. मग ते म्हणाले की औषधाचा गुण कोणता आणि पथ्याचा कोणता हे शास्त्राने वेगळं करायला हवं. बाईने औषध घ्यावं, पथ्य सोडावं आणि चारचौघींसारखी आवणी करावी. तरीही ती बरी राहिली, तर वनस्पती सिद्ध झाली.

मागे बसलेल्या सासवांना शास्त्र इतकं आवडेल असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यांनी एकमुखाने होकार दिला. डेव्हिडने होकार दिला, कारण पथ्य हा अडाणीपणा आहे हे तो पहिल्यापासून सांगत होता. छगनने होकार दिला, कारण आपलं औषध पथ्याशिवाय चालत नाही असं चारचौघांत म्हणायची त्याची छाती झाली नाही. या तिघांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. चांगुणाने चिखलात उतरावं, यावर झालं.

भिमाजी काहीतरी बोलायला उठला, पण त्याच्याजवळ सबब होती ती नेमकी आता काढून घेतली होती. तो उभा राहिला आणि पुन्हा बसला. लंकाबाई सासवांमध्ये होती. तिने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

चांगुणा उठून म्हणाली, “औषध मी घेते. पान्यात उतरते. पन जे जे व्हय म्हनले त्यांनीबी माझ्यासंगं उतरावं.”

छगनने सांगितलं की मंत्राच्या माणसाला पेरल्या खाचरात पाय ठेवता येत नाही. डेव्हिडला राजूरला रोगी होते. काकासाहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी दुसऱ्या दिवशी धोतर वर खोचून छत्रीसकट खाचरात पाय घातला, देशासाठी, आणि भाकरीच्या वेळेपर्यंत त्यांना इतकी हुडहुडी भरली की दोघांनी धरून त्यांना चांगुणाच्याच घरी चुलीपाशी नेऊन बसवलं. तिथे त्यांनी कोमट पेज प्यायली. त्यांना बरं वाटलं. त्यावरून त्यांनी काही निष्कर्ष काढल्याचं मात्र ऐकिवात नाही. पाऊस कमी होताच ते बंगल्यावर परत गेले.

चांगुणा वाकून रोपं लावत राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. तिच्या ओळीशेजारची ओळ लंकाबाईची होती. उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास चांगुणाचा हात थांबला, छातीत कळ आली, आणि ती तोंडावर चिखलात पडली. बाजूच्या बायकांना आधी ढोंगच वाटलं, कारण ढोंग त्या रोज बघत होत्या. लंकाबाईने हातातली मूठ टाकली, सुनेचं तोंड वर काढलं, नाकातला चिखल बोटाने पुसला. चांगुणाला श्वास पुरत नव्हता.

लंकाबाई कोणाला हाक न मारता तशीच चिखलात बसली. भिमाजी धावत आला तेव्हा ती त्याला म्हणाली, “माझी ठकू पन अशीच पडली हुती. ह्याच खाचरात. मी तिला ऊठ ऊठ म्हनत ऱ्हायले.”

ठकू म्हणजे भिमाजीची थोरली बहीण. न्हाणवयात आवणीत गेली, एवढंच त्याला माहीत होतं. तिचे डोळे कसे होते हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि लंकाबाईने सांगितलं नव्हतं. त्याने बायकोला पाठंगुळी घेतलं. लंकाबाई मागून सुनेची पाठ धरून चालत राहिली.

पुढचे दिवस लंकाबाईने चूल विझू दिली नाही. घरातल्या सगळ्या घोंगड्या सुनेवर घातल्या आणि आपण पोत्यावर बसली. वाटीने पेज, वाटीने कोमट पाणी, चांगुणाने तोंड फिरवलं की थांबायचं, आणि पुन्हा. छगन पाला घेऊन आला आणि दारात अवघडून उभा राहिला. लंकाबाईने पाला घेतला आणि त्याला जायला सांगितलं. डेव्हिडला कळलं तेव्हा तो भर पावसात खिंड चढून आला. कळ मारायच्या गोळ्या त्याने या वेळी पेटीच्या तळातून शोधून काढल्या. निदान काही केलं नाही. लंकाबाईने गोळ्याही घेतल्या. दोघांनाही ती एकच वाक्य बोलली, “दवा तुमी द्या. बाकीचं मी बघते.”

चांगुणा वाचली. डावा पाय मात्र खुब्यात कायमचा आखडला. त्यानंतर ती एका अंगाला झुकत चाले.

ती वाचली म्हणताच तिला वाचवणारे उभे राहिले. डेव्हिडने राजूरला सांगितलं की गोळ्यांनी वाचली. त्याच्या गोळ्यांनी कळ खरंच थोडी कमी झाली होती, तेव्हा त्याला फारसा दोष देता येत नाही. छगनने घाटाखाली सांगितलं की पाल्याने वाचली. नगरला काकासाहेबांनी सभा घेऊन सांगितलं की पथ्य मोडूनही बाई जिवंत आहे, अर्थात वनस्पती सिद्ध झाली. चिखलात पडल्याचा भाग त्यांनी वेळेअभावी सोडून दिला.

आवणी संपायच्या आत लंकाबाई खळ्यावर गेली. तिथे बसलेल्या बाप्यांना आणि सासवांना तिने सांगितलं की आपली सून पुन्हा पाण्यात उतरणार नाही, हंडा उचलणार नाही. कोणीतरी विचारलं की हे पथ्य आता कोणाचं.

“माझं,” लंकाबाई म्हणाली.

एवढं पुरलं. छगनला लोक मानत होते, लंकाबाईला भीत होते, आणि वाडीत भीतीचं वजन नेहमीच जास्त असतं. मग तिने एकेका घरात जाऊन एकेक सून बाहेर उजेडात आणली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. छबूबाईची पापणी बघून तिने फक्त खाचराकडे बोट केलं. छबूबाई गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. वैद्यकाच्या इतिहासातली ती साथ एका सकाळीत आटोपली. वाडीच्या टोकाला मात्र एक पोर निघाली, नुकतीच लग्न होऊन आलेली, गप्प बसणारी, पिवळ्या डोळ्यांची. तिच्या सासूला ती आळशी वाटत होती. लंकाबाई त्या सासूशी बराच वेळ एकांतात बोलली. काय बोलली ते कळलं नाही, पण त्या पोरीला पुन्हा कोणी पाण्यात घातलं नाही.

लंकाबाई देवमाणूस झाली असं मात्र नाही. वर्षाच्या आत तिच्या अंगात वैद्यपणा शिरला. आलेल्या माणसाने पाय धुऊन, लांब बसून, ती बघेल तेव्हाच बोलायचं. चांगुणालाही ती येताजाता बोल लावी, पेज सांडली तर खेकसे, आणि खेकसता खेकसता वाटी पुन्हा भरी.

पुढच्या वर्षी सुगी झाल्यावर भिमाजी चांगुणाला राजूरच्या बाजारी घेऊन गेला. रमतगमत, वाटेत बसत गेले. बाजारात एक गडी चौरंगावर बाटल्या मांडून ओरडत होता. औषधाचं नाव ‘सह्याद्री अस्थिसुधा’, मुक्काम नगर. चांगुणा बघत उभी राहिली, तसा तो तिच्याकडे वळला आणि हाडांच्या कळांवर हे कसं रामबाण आहे ते सांगू लागला. उंबरदऱ्याची एक बाई म्हणे मरायला टेकली होती, ती याच्यावरच उठून बसली.

“आता कशी हाय ती?” चांगुणाने विचारलं.

“अवं, धावती,” तो म्हणाला. “कडं चढती.”

चांगुणाने मान हलवली आणि मुलीसाठी बांगड्या बघायला पुढे निघाली. थोडं पुढे गेल्यावर भिमाजी थांबून मागे वळला. त्याला परत जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनवायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भांडावंसं वाटत होतं. चांगुणाने त्याच्या बाहीला धरलं.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “कुठं तरी धावू द्या की तिला.”